लोखंडातून जाणारी बाई

आप्पा, मी अजून ते वाचते.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या कपाळाला जी आठी पडायची ती एकदाच पडू दे. सत्तेचाळीस वर्षांची झाले. केस निम्मे पांढरे, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात डिझाइन विभाग माझ्याकडे आहे आणि चार इंजिनिअर मला मॅडम म्हणतात. आणि दर महिन्याला त्या ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक पाकीट येतं. शिपाई ते टेबलावर ठेवताना हसतो, हसू दे. त्यात नऊ नंबरच्या चित्रकथेचा नवा अंक असतो. तीच नऊ नंबर, आप्पा. लोखंडातून आरपार जाणारी गुप्तहेर बाई, जिच्यापायी तुम्ही माझ्याशी अडीच महिने बोलला नव्हता. ती अजून आहे. मधल्या काळात दोनदा मेली, तिच्याच खात्यानं तिला तीनदा गद्दार ठरवलं, छापणारी कंपनी बंद पडली तेव्हा काही वर्षं गायबच होती, मग दुसऱ्या कुणीतरी मालिका उचलली आणि पुढे चालवली. चित्रकार बदलले, कागद गुळगुळीत झाला, तिची वेणी जाऊन कापलेले केस आले. मी एकही अंक सोडलेला नाही. येडी हाय म्हणाल. असू दे की.

परवा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी नवा अंक उघडला. आमच्यातला सगळ्यात नवा इंजिनिअर, सांबरा गावचा, डोकावून म्हणाला, "मॅडम, पोरांसाठी घेतलाय काय?" म्हटलं, "न्हाय रं बाबा, माझा हाय. माझं झालं की तुला मिळंल, पण आधी भाजीचं हात धुऊन ये." सगळे हसले, मीही हसले आणि पान उलटलं. तिथं ते चक्र होतं. सात वाकड्या पात्यांचं, तुमचं. चौतीस वर्षांनी नऊ नंबरनं ते परत हातात घेतलंय. आणि नव्या चित्रकारानं पाती उलट्या बाजूला वाकवून ठेवलीत. "असल्या चक्रानं पाणी सोडा, वारंबी हलायचं न्हाय," असं मी मोठ्यानं बोलले, आणि बोलल्यावर कळलं की हा तर तुमचा आवाज. मग डबा तसाच झाकून ठेवला. म्हणून आज, रविवारी, हे लिहायला बसले. माफी मागायला नाही, हे नीट ऐका. त्या वेळी मी जे केलं ते बरोबर केलं, आणि हे तुम्हाला कधीतरी तोंडावर सांगायचं होतं ते राहून गेलं.

सुरुवात तुम्ही केलीत. हे तुम्ही कधी कबूल केलं नाही, पण घरात ते पुस्तक पहिल्यांदा आणलं कुणी? मला कावीळ झाली होती, बारावं वर्ष होतं, महिनाभर शाळा बंद. बेळगुंदीच्या घरात माझं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारातच घातलेलं, कारण आईला चुलीपुढून उठता येत नव्हतं आणि मला नजरेआड सोडवत नव्हतं. तेल नाही, तिखट नाही, नुसता भात आणि ताक. मी रडून रडून सगळ्यांना वीट आणलेला. तुम्ही कामावरून आलात, पिशवीतून मोसंबी काढलीत आणि मोसंब्यांच्या खालून ते पुस्तक. बेळगावच्या स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून घेतलेलं. वरच्या चित्रात एक बाई लोखंडी फाटकातून अर्धी बाहेर आलेली. आई म्हणाली, "हे काय आणि?" तुम्ही म्हणालात, "लोखंडाचं कायतरी हाय म्हणून घेतलं." पुस्तक हिंदीत होतं. माझे डोळे पिवळे, अक्षरं नाचायची, म्हणून तुम्हीच वाचून दाखवायला बसलात. तुमची ती हिंदी! "रुक जाओ" तुम्ही "रुक जावा" असं वाचायचा, बसमध्ये पाव्हण्याला जागा द्यावी तसं. आई भाकरी थापता थापता हसत होती. मीही हसले, महिन्याभरात पहिल्यांदा.

चौथ्या-पाचव्या पानावर कळलं की लोखंड तिला अडवत नाही, पण लाकूड अडवतं. दुश्मनांनी तिला सागवानी पेटीत कोंडलं होतं आणि ती आत धडका मारत होती. तुम्ही पुस्तक मांडीवर ठेवलंत आणि अगदी खूश होऊन म्हणालात, "ह्ये मातूर बरोबर लिव्हलंय. लोखंडाचं काय कौतुक गं, त्येला वाट लाकूडच दावतंय." तुम्हाला कुणीतरी शाबासकी दिल्यासारखा चेहरा झाला होता. पुढच्या महिन्यात मी बरी होऊन शाळेत जायला लागले होते, तरी तुम्ही पुढचा अंक आणलात. त्याच्या पुढचाही. मला विचारायचात, "काय, सुटली का न्हाय तुझी बाई?" आणि मी सगळी गोष्ट सांगायची, तुम्ही पटाशीला धार लावत ऐकायचा.

तुमचं काम काय होतं हे आता माझ्या हाताखालच्यांनाही समजावून सांगावं लागतं, कारण त्यांनी लाकूड बघितलेलंच नाही. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडाचा नमुना करायचा. त्याला सगळे पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो, शंभराला एक. प्रत्येक माप असं वाढवत बसायला नको म्हणून तुमच्या लोकांची वेगळीच पट्टी असते, श्रिंकेजची पट्टी. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. तुमची पट्टी पोलादी होती, तुमच्या वस्तादांनी काम सोडताना तुमच्या हातात दिलेली, आकडे झिजलेले, कोपरे बोटांनी गुळगुळीत झालेले. ती हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली. तिला कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचं नाही. "ही खोटं बोलती," तुम्ही एकदा मला सांगितलं होतं, "पन लोखंड गार झालं की हिचं खरं हुतं."

मग ते चक्र आलं. मालकांनी नवा पंप काढला होता आणि त्याच्या आतल्या चक्राची पाती कशी वाकवायची यातच सगळी गोम होती. शेजारच्या कारखान्यांना सुगावा लागू नये म्हणून पॅटर्न कारखान्यात न करता तुम्ही घरी करायचा असं ठरलं. चौदा वर्षं कामावर असलेला माणूस, विश्वासाचा. तुम्ही ड्रॉइंग आणलंत ते ट्रंकेत ठेवून कुलूप घातलंत आणि किल्ली करगोट्याला बांधलीत. कामाला बसताना काढायचं, काम झालं की परत आत. आईलासुद्धा कधी दाखवलं नाहीत. पण पॅटर्न, आप्पा, तो तर बाहेरच्या सोप्यावर उघडाच होता! दिवसभर तुम्ही कारखान्यात आणि ते सात पात्यांचं सागवानी चक्र सोप्यावर, वर नुसतं पोतं टाकलेलं. ड्रॉइंगला कुलूप आणि लाकडाला पोतं. लाकडाकडं कोण बघणार, असं तुम्हाला वाटलं असणार. पॅटर्नवाल्याच्या पोरीला लाकडाकडंच बघायची सवय असते, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

नऊ नंबरच्या त्या महिन्याच्या अंकात शेवटच्या पानावर आवाहन होतं: नऊ नंबरसाठी नवं हत्यार सुचवा, चित्र आणि मापं पाठवा. मी शाळेतून आले, पोतं बाजूला केलं आणि चक्राचं चित्र काढलं. शाळेची लाकडी फूटपट्टी घेऊन पात्याची लांबी मोजली, दहा पूर्णांक एक. चक्राची या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी, वीस पूर्णांक दोन. दशांशात माप लिहिताना केवढी ऐट वाटली होती! खाली हिंदीत लिहिलं, हे चक्र फेकलं की पाण्यातूनही परत हातात येतं. नाव, गाव, बेळगुंदी, जिल्हा बेळगाव. लाकूड असल्यामुळं नऊ नंबरला ते धरता येईल, लोखंडाचं असतं तर बोटांतून निसटलं असतं, हेही लिहिलं. किती विचार केला होता मी.

तीन महिन्यांनी छापून आलं. अर्धं पान! स्टँडवरून अंक तुम्हीच आणलात, पण आत उघडून बघितला नव्हता. मी बघितलं आणि ठरवलं की लगेच सांगायचं नाही. रविवारी आत्या निपाणीहून येणार होती, सगळ्यांच्या समोर दाखवायचं. ते तीन दिवस मी अंक गादीखाली लपवून आनंदात हिंडत होते. शुक्रवारी भर दुपारी तुम्ही दारात उभे. तुम्ही दुपारी घरी कधीच येत नसायचा. आईनं विचारलं, "बरं वाटंना व्हय?" तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात, खाली बसलात आणि पिशवीतून तोच अंक काढून माझ्यापुढं ठेवलात. आपल्या घरातला नव्हता तो, दुसरा होता. मालकांची मुलगी तेच वाचायची. आपल्या गावाचं नाव छापून आलंय म्हणून तिनं कौतुकानं वडिलांना दाखवलं होतं.

"हे तू काढलीस?"

"व्हय."

"डराइंग बघून?"

"न्हाय. तुमचं लाकूड मोजून."

तुम्ही पान जवळ ओढलंत. तुमचं बोट चित्रावरून फिरत फिरत त्या दहा पूर्णांक एकवर आलं आणि थांबलं. मी ते बघितलं, आप्पा. तुमच्यासारख्या माणसाला तो एक कुठून आला ते कळायला किती वेळ लागणार? पण तुम्ही तोंड उघडलंत ते आईशी बोलायला. "डराइंग कुणाला दावलास, इकलास काय, म्हणून इचारलं मला. म्या न्हाय म्हणालो. चौदा वर्सं झाली, माझं म्हणणं त्येंनी मानलं न्हाय. उद्यापास्नं येऊ नगो म्हणाले." तुमचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की आईला दोनदा विचारावं लागलं. मग तुम्ही उठलात, माझ्या फळीवरचे सगळे अंक, पंधरा, एकावर एक रचलेत आणि आईच्या हातात दिलेत. "न्हाणीच्या चुलीत घाल."

"अवो, पोरीनं जपून ठेवल्यात..."

"घाल म्हणालो न्हवं."

मी त्या वेळी रडले नाही. आई सांगायची, पोरगी दाराला धरून नुसती बघत होती. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे माझी बाई जळतेय. आणि दुसरी, तुमचं ते बोट तिथं का थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सोप्यावर पाठ करून बसला होता. कामावर न जाणारा माणूस सकाळी कुठं बसतो ते तुम्हाला माहीतच नव्हतं. मी हत्यारांची पेटी उघडली, फडकं सोडलं आणि तुमची पट्टी माझ्या फूटपट्टीला लावून बघितली. तुमच्या दहाच्या समोर माझी दहाची रेघ नव्हती. एक बारकी रेघ पुढं होती. तुमच्या विसाच्या समोर दोन बारक्या रेघा पुढं. मला सगळं कळलं. ड्रॉइंग बघून लिहिलं असतं तर दहा आणि वीस आलं असतं. दहा पूर्णांक एक हे फक्त लाकूड मोजणाऱ्यालाच मिळणार. म्हणजे छापून आलेलं ते पानच सांगत होतं की ट्रंकेचं कुलूप कुणी उघडलं नाही. ते तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि तुम्ही गप्प बसला होता. मी दोन्ही पट्ट्या दप्तरात घातल्या, आत्यासाठी राखून ठेवलेला आपला अंक गादीखालून काढला आणि शाळेची म्हणून निघाले ती बेळगावची बस धरली. तिथून खानापूर रोडची. उद्यमबागेत उतरले तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण परत जायचं मनात आलं नाही.

फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कोण पायजे गं?" म्हटलं, "मालक. पॅटर्नवाल्याची पोरगी आलीय म्हणून सांगा." मालक काचेच्या टेबलामागं बसले होते, गोरे, नीट भांग पाडलेले. "शाळा नाही का आज तुला?" "हाय. तुमचं काम झालं की जाते." आता आठवलं तरी मला माझंच हसू येतं. मी अंक उघडून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुमच्या ड्रॉइंगवर पात्याची लांबी किती हाय?" ते म्हणाले, "तुला कशाला सांगू?" "सांगू नगा. बघा आणि मनात ठेवा. दहा हाय का न्हाय? मग ह्यात एक जादा कुठनं आलं?" मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "हे लाकडाचं माप हाय. लाकूड मी मोजलं, माझ्या पट्टीनं. आप्पांनी ड्रॉइंग कुणालाबी दावलं न्हाय. मलासुद्धा न्हाय."

त्यांनी कपाट उघडून तुम्ही परत दिलेलं ड्रॉइंग काढलं, चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पण आकार तर बाहेर गेलाच की."

"आकार मी घालवला. मला काढून टाका कामावरनं."

ते हसले. इतक्या वेळात पहिल्यांदा माणसासारखे दिसले. "बरं, पाठवून दे वडिलांना," म्हणाले. आणि मी, तेरा वर्षांची, निळा फ्रॉक, रिबिनी, त्यांना म्हणाले, "मी कशी पाठवू? येऊ नगो तुम्ही म्हटलासा. या म्हणून तुम्हीच सांगायला पायजे."

सोमवारी त्यांनी माणूस पाठवला. तुम्ही गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा मी दारातच उभी होते. काय वाटत होतं मला सांगू? वाटत होतं, आता आप्पा डोक्यावर हात ठेवणार. आप्पा म्हणणार, सुटली बाबा, सुटली तुझी बाई. तुम्ही चप्पल काढलीत, पायावर पाणी घेतलंत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "माझ्या शब्दाला पट्टी लावून आलीस व्हय?" तेवढंच. त्यानंतर अडीच महिने माझ्याशी बोलणं नाही.

त्या वाक्यावर मी चौतीस वर्षं भांडतेय. बस चालू असताना भांडते, मिटिंगमध्ये भांडते. तुम्ही गप्प का बसलात हे मला पुढं आईकडून कळलं. तिनं विचारलं होतं तुम्हाला, आणि तुम्ही म्हणाला होता, "जो माझ्या तोंडचं मानत न्हाय, त्येला म्या पट्टी दावायची व्हय?" छान. आणि घरात काय शिजणार होतं, ते? तुमचा मान राहिला असता आणि अख्ख्या उद्यमबागेत तुमचं नाव चोर म्हणून झालं असतं. त्यापेक्षा मी पट्टी लावली. लावली, आप्पा, आणि परत वेळ आली तर परत लावीन. ज्यांच्या हातात खुर्ची असते त्यांना आपला शब्द पुरत नाही, त्यांच्या टेबलावर माप ठेवावंच लागतं, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढं पुरुषांनी भरलेल्या कारखान्यात तेवढ्यावर टिकले. पहिल्या नोकरीत माझं ड्रॉइंग बघून एक साहेब म्हणाला होता, हे तुमचं तुम्ही काढलंय? मी कागदावर एकेक रेघ परत काढून दाखवली, त्याच्यासमोर. आणि हे मला शिकवलं कुणी? शाळेनं नाही. तुम्ही जाळायला दिलेल्या त्या बाईनं. तिच्यावर दर दोन अंकांनी कुणीतरी संशय घेतं आणि ती दर वेळी पुरावा आणून टेबलावर आपटते. उगाच मान खाली घालून सोप्यावर बसत नाही.

आणि वाचणं बंद झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तेही ऐका. निपाणीची आत्या दर महिन्याला डोळे दाखवायला बेळगावला यायची ना? निपाणीच्या स्टँडवरही अंक मिळायचा. ती तो पातळाच्या घडीत घालून आणायची आणि मला गोठ्याकडं बोलवून द्यायची. "तुझ्या बाला कळलं तर सांग, आत्यानं दिलं म्हणून. मग बघू दे माझ्याकडं," म्हणायची. ती तुमची थोरली बहीण, सगळ्या जगात तिच्यापुढंच तेवढी तुमची मान खाली. आत्याच्या पिशवीकडं तुम्ही कधी नीट बघितलं नाहीत. मुद्दाम बघितलं नाहीत की खरंच कळलं नव्हतं, ते मला माहीत नाही. अडीच महिन्यांनी तुम्ही बोलायला लागलात, तेही "मीठ दे" एवढंच, आणि मग हळूहळू सगळं. पण नऊ नंबरचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. मी डिप्लोमाला गेले, शेवटच्या वर्षाला होते, आणि एका दुपारी तुम्ही जेवून उठलात, हात धुतलात, भिंतीला टेकून बसलात ते बसलातच. तुम्हाला मी काम करताना बघायचं होतं की नाही हेसुद्धा मला विचारता आलं नाही. या महिन्याच्या अंकात नऊ नंबरचा म्हातारा साहेब परत आलाय, तीन वर्षांपूर्वी मेलेला. दारात उभा राहून म्हणतो, कशी आहेस. मला भयंकर राग आला. असं करतात का कुठं?

आता आमच्याकडं पॅटर्न यंत्र कापतं. मी कॉम्प्युटरवर एका चौकोनात एक टक्का लिहिते आणि सगळी मापं आपोआप वाढतात. सांबऱ्याच्या त्या इंजिनिअरला मी परवा विचारलं, हा एक टक्का कशाचा? त्याला सांगता आलं, पण हातानं कसं करत होते ते माहीत नव्हतं. म्हणून मी टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला, जिथं माझे अंक असतात, आणि त्याला पट्टी दाखवली.

हां. तुमचीच पट्टी.

हे मला लिहायचं नव्हतं. सगळं तोऱ्यात लिहून इथवर आले आणि इथं हात थांबतोय. त्या शनिवारी उद्यमबागेतून परत आले तेव्हा पट्टी पेटीत ठेवायचीच होती, फडकंसुद्धा सोडून ठेवलं होतं. पण आधी हातपाय धुवायला न्हाणीत गेले आणि चुलीच्या राखेत पिना दिसल्या, अंकांना मारलेल्या, काळ्या पडलेल्या. मी त्या मोजल्या. तीस होत्या. मग पट्टी पेटीत गेली नाही. माझ्या दप्तराच्या तळाच्या पुठ्ठ्याखाली गेली. तुम्ही माझं घेतलंत, मी तुमचं घेतलं, असा हिशेब होता माझा, आणि दोन दिवसांत परत ठेवीन असं वाटलं होतं. पण सोमवारी तुम्ही ते वाक्य बोललात आणि मग ठेववेना. एक आठवडा गेला, मग दुसरा, आणि नंतर ठेवायची म्हणजे कबूल करण्यासारखं झालं. तुम्ही फळीच्या तुकड्यांवर पेन्सिलीनं शंभराला एक, शंभराला एक असं मांडत बसायचा. मी अभ्यास करत समोर बसलेली. पुढं नवी आणलीत, तीही हातात बसत नाही म्हणायचा.

त्या अडीच महिन्यांत तुम्ही माझ्याशी एकदाच बोलला होता, आठवतं का? पेटी उघडी ठेवून माझ्याकडं आलात आणि विचारलंत, "माझी पट्टी बघितलीस काय गं?"

मी म्हणाले, "न्हाय."

तुम्ही म्हणालात, "मग मालकाच्या टेबलावर ऱ्हायली असंल तुझ्याकडनं. जाऊ दे." आणि गेलात. तिथं जाऊन कधी मागितली नाहीत, आणि मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. माझं दप्तर तिथंच पडलं होतं, तुमच्या पायाशी.

हे पत्र कुठं टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा त्याच खणात ठेवते, चक्राच्या पानात, पट्टी लावून. बाकी सगळ्यावर मी अजून भांडायला तयार आहे, आप्पा. फक्त त्या एका "न्हाय"वर नाही. तो तुम्ही न मोजता घेतलात.